टिटवीला चालणारी कुरकुर

परसात त्या सकाळी होतं ते असं. विटा दोनशे चौदा, त्यांतल्या अकरा फुटक्या. सिमेंटच्या गोण्या सात. एक ओल लागून दगड झालेली, म्हणजे कामाच्या सहा. वाळूचा एक ढीग, त्यात मांजराने उकरलेले तीन खड्डे. दगडी फरशी एक, चार फूट बाय दोन फूट. नळ एक, वायसर नसलेला, मिनिटाला बावन्न थेंब गळणारा. नळाखाली धुण्याचा खडबडीत दगड आणि त्या दगडासमोर वर्षानुवर्षं उकिडवं बसून पडलेले पावलांचे दोन खळगे. आणि मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत पसरलेली खडी. खडीवर चार अंडी होती. पण ती खडीतच धरली गेली, कारण रंगाने, आकाराने आणि डागांनी ती खडीसारखीच होती.

खडी येऊन दोन वर्षं झाली होती. ट्रॉलीने ओतली तेव्हा तिचा चांगला ढीग होता. पुढे तिच्यावरून कोंबड्या गेल्या, चेंडूमागे मुलं गेली, एकदा शेजारचं वासरू गेलं, आणि ढीग बसत बसत सपाट झाला. कामाला मात्र मुहूर्त लागत नव्हता.

घराचे मालक गावाला पाणी सोडायचे. टाकीजवळच्या खोलीत बसून कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी आणि किती फिरवायचा, हे त्यांच्या हातात होतं. समोर सगळे त्यांना दादा म्हणत, पाठीमागे पाणीवाले. सगळ्या गावाच्या नळांच्या तक्रारी रोज त्यांच्यापर्यंत यायच्या. स्वतःच्या परसातल्या नळाची मात्र पोचायची नाही, कारण ती करणारी घरातच राहत होती.

त्यांच्या बायकोला गल्ली वहिनी म्हणायची. वहिनींच्या गुडघ्यांनी गेल्या वर्षीपासून खाली बसायला नकार दिला होता. बसताना भिंत धरावी लागे आणि उठताना बादली. बादली रिकामी असली तर ती वहिनींसकट कलंडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यापुढे धुणं उभ्याने धुवा. वहिनींना त्यासाठी कमरेएवढा कट्टा हवा होता. दोन बाजूंना विटांच्या भिंती, वर ती दगडी फरशी, बस.

दादांना हे पटत नव्हतं. त्यांच्या मते उभ्याने धुतलेल्या कपड्यांना जोर लागत नाही आणि मळ तसाच राहतो. हे त्यांनी कधी करून पाहिलं नव्हतं. शिवाय विटा त्यांनी स्कूटरच्या शेडसाठी राखून ठेवल्या होत्या. स्कूटर उन्हात उभी राहून तिच्या सीटला भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगा दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. शेवटी ठरलं ते असं: परसात सिमेंटची जमीन करायची, पाण्याला उतार द्यायचा, नळाला वायसर बसवायचा आणि दगडी फरशी खाली, जमिनीपासून सहा इंचांवर बसवायची. सहा इंच म्हणजेही पूर्वीपेक्षा उंचच की, असं दादांनी दोनदा बोलून दाखवलं. वहिनी बादली उचलून नळाकडे गेल्या.

मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई नवरा-बायको होते. तो बांधायचा, ती माल कालवायची आणि वाहायची. मिस्त्री अंगाने शिडशिडीत आणि बोलायला गोड. आल्या आल्या त्याने सांगून टाकलं की त्याच्याकडे एवढा आठवडाच आहे. पुढच्या सोमवारी तो हमरस्त्यावरच्या गोदामाच्या कामाला जाणार आणि मग पावसाळा संपेपर्यंत त्याचं तोंड दिसणार नाही. आत्ता झालं तर झालं.

मिस्त्रीणबाईंनी पहिलं घमेलं भरायला खडीत फावडं घातलं, आणि समोरचा एक दगड उठून उभा राहिला आणि किंचाळू लागला.

टिटवी होती. लांब पिवळे पाय, काळा गळा, चोचीपासून डोळ्यापर्यंत लाल पट्टी. ती मिस्त्रीणबाईंच्या डोक्यावरून इतक्या खालून गेली की त्यांनी फावडं टाकून थेट घरात धाव घेतली. दुसरी टिटवी कुंपणापलीकडून आली आणि दोघींनी मिळून परस डोक्यावर घेतलं. मिस्त्री पुढे झाला, वाकून बघायला लागला, आणि चौथ्यांदा बघितल्यावर त्याला अंडी दिसली. त्याचा एक पाय त्यांच्यापासून वीतभरावर होता.

त्याने लगेच उपाय सांगितला. खडीसकट अंडी घमेल्यात घ्यायची आणि कुंपणापाशी नेऊन ठेवायची. पक्ष्याला काय, खडी ती खडी. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसलेलीला उठवायचं नाही. ती बसू शकते तोवर बसू दे."

दादांचा चेहरा उजळला. मग काम पुढे ढकलू, ते म्हणाले, मुक्या जिवापुढे आपण काय बोलणार. अंडी फुटू देत, पिल्लं उडू देत, पावसाळा जाऊ दे. घाई कुणाला आहे.

"मला आहे," वहिनी म्हणाल्या. "तीही बसेल आणि कामही होईल."

कसं, हे त्यांनी सांगितलं नाही. जमिनीच्या कामाला तीच खडी लागणार होती, आणि अंडी खडीच्या बरोबर मध्ये होती.

मिस्त्रीने कडेकडेने घ्यायचं ठरवलं. पण टिटवीला त्याचं कडेने घेणंही मान्य नव्हतं. तो तीस फुटांवर आला की ती उठायची. मिस्त्रीणबाईंना वीस फुटांपर्यंत येऊ द्यायची. कुंपणापलीकडे शिंपी राहायचा, तो नुसता खिडकी उघडायला उभा राहिला तरी तिला चालत नसे. उठली की सरळ डोक्याचा नेम धरून झेप घ्यायची आणि अगदी शेवटच्या क्षणी वळायची. ती वळणार हे पहिल्या झेपेनंतर मिस्त्रीला कळलं होतं, पण त्याच्या मानेला कळत नव्हतं. ती दर वेळी आपोआप खाली जायची. त्याने डोक्यावर घमेलं पालथं घातलं. ते एका हाताने धरावं लागे, म्हणून थापी एकाच हातात राहिली. संध्याकाळी दोरी ताणून बघितलं तर जमिनीच्या कडेची पहिली ओळ एका टोकाला बोटभर बाहेर गेली होती. मिस्त्रीने ती उकलली. शिंप्याने खिडकीतून सांगितलं की दिवसभराच्या किंचाळण्याने त्याचीही एक बाही उलटी लागली आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीणबाईंच्या नजरेतून सुटली नाही. वहिनी दिवसातून सात-आठ वेळा त्या खडीवरून नळावर जात होत्या. कधी बादली घेऊन, कधी भांडी घेऊन, टिटवीपासून जेमतेम दोन फुटांवरून. आणि टिटवी ढिम्म बसून असायची. मानसुद्धा वळवायची नाही.

यावर मिस्त्रीने विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला की गाऊन असणार. वहिनी रोज निळा गाऊन घालतात, पक्ष्याला रंग ओळखीचा झाला. वहिनींचा एक जुना निळा गाऊन होता, तो त्याने मागून घेतला आणि शर्टावरून चढवला. खालून त्याची पँट दिसत होती आणि वर खिशात पेन्सिल होती. तो वहिनींसारखी पावलं टाकत खडीकडे निघाला. शिंपी मशीन थांबवून खिडकीत येऊन बसला.

टिटवी तीस फुटांवरच उठली. गाऊनमुळे मिस्त्रीला पळता येईना. तो वाळूच्या ढिगावर गुडघ्यांवर पडला आणि काखेत कापड उसवल्याचा स्पष्ट आवाज आला.

"माप वहिनींचं आहे," शिंपी म्हणाला. "तुमच्या खांद्याला ते पुरणार नाही, हे मी आधीच सांगणार होतो."

मग बादली झाली. मिस्त्री बादली कमरेवर धरून गेला, टिटवी उठली. मग चाल झाली: मिस्त्रीणबाई वहिनींच्या मागोमाग, त्यांच्या पावलावर पाऊल टाकत गेल्या. तेव्हा टिटवी उठली नाही. पण वहिनी पुढे नसताना त्याच चालीने गेल्या, तेव्हा उठली. म्हणजे चाल नव्हती, बादली नव्हती, गाऊन तर नव्हताच. दुपारपर्यंत खडी निघाली ती वहिनी पुढे चालतील तेवढ्यापुरती, म्हणजे नऊ घमेली. वहिनींना स्वयंपाकही होता.

दादा या सगळ्यावर दाराच्या चौकटीत चहा पीत बसायचे. सकाळचं पाणी सोडून झालं की ते दुपारपर्यंत मोकळे असत. काम असं चाललं तर सोमवारपर्यंत होत नाही, असा त्यांचा अंदाज होता आणि तो ते अधूनमधून सांगत. ते सांगताना त्यांना वाईट वाटत होतं असं म्हणता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा घसा बसला. सिमेंटची गोणी फोडताना उडालेली धूळ त्यांच्या नाकातोंडात गेली होती. सकाळी उठल्या तर तोंडातून नुसती हवा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आठवडाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, असं बजावलं. वहिनींनी मान हलवली आणि घरी येऊन नेहमीप्रमाणे भांडी घेऊन नळाकडे निघाल्या.

खडीच्या कडेला पोचायच्या आत टिटवी उठली. किंचाळली, वर गेली, वळली आणि वहिनींच्याच डोक्यावर आली. वहिनींच्या हातून परात पडली. दुसरी टिटवी मागून आली. वहिनी खाली बसल्या, म्हणजे बसल्या नाहीत, गुडघे वाकले नाहीत म्हणून बाजूला कलल्या आणि भिंतीला टेकल्या. त्यांनी मिस्त्रीकडे बघितलं नाही, दादांकडे बघितलं नाही. ज्या पक्ष्यासाठी त्यांनी आपलं काम धोक्यात घातलं होतं, त्या पक्ष्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

ते हलणारे ओठ बघून मिस्त्रीणबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या वहिनींना उठवायला गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही रोज जाताना काय बोलता हो?"

वहिनींनी जोरजोराने मान हलवली. काही नाही, काही नाही.

पण त्या बोलत होत्या, आणि मिस्त्रीणबाईंनी त्यांच्या मागोमाग चालताना ते ऐकलं होतं. दारातून बाहेर पाऊल पडलं की वहिनींची कुरकुर सुरू व्हायची आणि परत दारात पाऊल पडलं की थांबायची. खालच्या आवाजात, एका लयीत, कुणाला उद्देशून नाही. टिटवीने ती अंडी घालायच्या आधीपासून ऐकली असणार. तिच्या लेखी तो परसाचा आवाजच होता, नळाच्या थेंबांसारखा.

मिस्त्रीने आधी गाणं म्हणून पाहिलं. त्याचा आवाज बरा होता. टिटवी पहिल्याच ओळीला उठली. मग त्याने विटा मोजल्या, मोठ्याने, उठली. मिस्त्रीणबाई म्हणाल्या, असं नाही, बाजूला व्हा. त्यांनी घमेलं कमरेवर घेतलं, नजर जमिनीकडे ठेवली आणि चालायला लागल्या. "लग्न झाल्यापासून बघतेय, थापी धुऊन ठेवायची म्हणून नाही. टाकली की टाकली. सिमेंट सुकलं की मी घासत बसायचं. दुसऱ्याच्या भिंती सरळ करतात, घरच्या दाराला तीन वर्षं झाली कडी नाही." टिटवीने एकदा डोळा फिरवला आणि पिसं फुलवून बसली. मिस्त्रीणबाईंनी तिच्यापासून हातभरावरची खडी घमेल्यात ओढली, भरली आणि बोलत बोलत परत आल्या.

मिस्त्री थापी हातात धरून उभा होता. त्याने थापीकडे बघितलं आणि नळावर जाऊन ती धुतली.

त्यानंतर काम धावायला लागलं. मिस्त्रीलाही कुरकुर करावी लागणार होती, आणि बायकोच्या समोर बायकोविरुद्ध बोलायची त्याची छाती नव्हती. समोर चौकटीत दादा चहा पीत बसलेले. "खडी आणून टाकली, झालं काम," मिस्त्रीने सुरुवात केली. "दोन वर्षं. सिमेंटची गोणी ओलीत ठेवली, झाली दगडाची. सगळ्या गावाला पाणी सोडतात आणि स्वतःच्या नळाला वायसर नाही. चहा तेवढा वेळेवर." टिटवी बसून राहिली. मिस्त्रीने ओळखीच्या माणसाला नमस्कार करावा तशी दादांकडे बघून मान लववली. "पक्ष्यासाठी आहे हो दादा. मनावर घेऊ नका."

दादांनी मनावर घेतलं नाही, पण चहा घेऊन आत गेले. आतही ऐकू येत होतं. स्वयंपाकघराची खिडकी परसातच उघडायची. दिवसभर एकाचं संपलं की दुसरी सुरू करायची. मिस्त्रीणबाईंना नवऱ्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्याही हळूहळू दादांवर आल्या, कारण समोर दिसत होतं ते तेच. दुपारी शिंपी कुंपणाशी आला. त्याने दादांना बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या घरात तुमचेच मजूर तुम्हाला नावं ठेवतायत, मी कानांनी ऐकलं. दादांनी टिटवीचा प्रकार समजावून सांगितला. शिंप्याने सगळं ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "तरी पण खोटं काही बोलत नाहीयेत." मग तो मशीनवर जाऊन बसला.

वहिनी या काळात आतल्या खुर्चीवर बसून भाजी निवडायच्या. त्यांच्या मनातलं सगळं दुसऱ्याच्या तोंडून परसात फिरत होतं आणि त्यांना ते थांबवताही येत नव्हतं, दुरुस्तही करता येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्या लाजल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीणबाईंनी नळाचं सांगून गुडघ्यांचं गाळलं, तेव्हा त्यांनी खिडकीतून गुडघ्यावर थाप मारून दाखवली.

खडीचं मैदान चारही बाजूंनी आत येत गेलं. शेवटी मध्ये एक बेट राहिलं, तीन फूट रुंदीचं, त्याच्या माथ्यावर टिटवी. जमिनीचा उतार पडला, कोबा झाला. बेटाच्या बाजूचा कोपरा तेवढा तिरपा कापून सोडला. शनिवारी संध्याकाळी फक्त फरशीखालचा पाया राहिला होता. त्याला सहा घमेली खडी कमी पडत होती, आणि ती बेटाच्या कडेला होती, टिटवीच्या अगदी शेपटाखाली.

शनिवारीच गोदामाचा मुकादम आला आणि मिस्त्रीणबाईंना घेऊन गेला. तिकडे माल वाहायला बाया कमी पडत होत्या. मिस्त्री रविवारी दिवसभर होता, पण तो एका हाताने कालवून दुसऱ्या हाताने वाहू शकत नव्हता. त्याने दादांकडे बघितलं. काम आज झालं नाही तर पावसाळ्यानंतर, हे त्याने बोलायचीही गरज नव्हती. दादांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी बोलू शकत नव्हत्या. त्यांनी कोपऱ्यातलं घमेलं उचललं आणि दादांच्या पुढ्यात ठेवलं.

दादांनी स्कूटरचं हेल्मेट घातलं आणि निघाले. टिटवी उठली, हेल्मेटवर पंखाचा फटका बसला. कुरकुर करायची असते, मिस्त्रीने आठवण करून दिली. दादांनी नगरपालिकेविषयी सुरू केलं. पगार वेळेवर नाही, साहेब फोन उचलत नाहीत, लोक मोटर लावून पाणी ओढतात. हे सगळं खरं होतं आणि दादा ते तावातावाने बोलत होते, पण टिटवी काही बसेना. मिस्त्री म्हणाला, दादा, तुम्ही भांडताय. तुम्हाला कुणीतरी उत्तर द्यावं असं वाटतंय. वहिनींना तसं वाटत नसतं. दादांनी आवाज खाली आणला, तरी वाक्य संपलं की ते थांबून कुणीतरी हो म्हणायची वाट बघायचे, आणि तेवढ्यात टिटवी उठायची. उन्हं चढली. पायाच्या खड्ड्यात कालवलेला माल सुकायला लागला.

मग दादांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि नजर जमिनीकडे वळवली. त्यांना तो सूर माहीत होता. तो त्यांच्या कानात रोज पडत आला होता, व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या पाण्यासारखा. त्यांनी त्यातला एक शब्द कधी ऐकला नव्हता. आता तोंड उघडलं तर शब्द सगळेच्या सगळे तिथेच होते, वहिनींच्याच क्रमाने, वहिनींच्याच भाषेत.

"सांगून सांगून तोंड दुखलं माझं," दादा म्हणाले. "यांचं आपलं उद्या करतो. उद्या कधी येत नाही. सगळ्या गावाला पाणी सोडायचं आणि बायकोने थेंब थेंब बादली भरायची. नऊ वर्षं झाली सांगतेय."

टिटवी बसली. दादा बेटाशी पोचले. ते वाकले. मागे खिडकीत वहिनींनी दोन्ही हातांची दहा बोटं वर धरली, आणि मग एक.

"अकरा वर्षं झाली सांगतेय," दादा म्हणाले.

घमेलं भरलं. ते उचलून परत यायचं होतं, आणि थांबता येत नव्हतं. थांबलं की टिटवी मान वर करायची. दादा बोलत राहिले. पाठ धरते. सकाळी दगड गार लागतो. भिंत धरून बसायचं, बादली धरून उठायचं, कुणी बघितलं तर हसत उठायचं. घमेली एकामागून एक भरत होती आणि दादांचा आवाज आणखी खाली गेला होता. मिस्त्री माल पसरत होता आणि वर बघत नव्हता. पलीकडे शिंप्याचं मशीन बंद होतं.

"काय मागितलं होतं मी," शेवटच्या घमेल्याला दादा म्हणाले. "महाल नाही मागितला. उभं राहून धुता येईल एवढा कट्टा. पण नाही. विटा स्कूटरला पाहिजेत. स्कूटरचे गुडघे दुखतात ना."

हे वाक्य संपवून ते जागच्या जागी उभे राहिले. टिटवीने मान वर केली. दादांना पुढचं आठवेना, किंवा पुढे काही नव्हतं. टिटवी उठून किंचाळायला लागली तरी ते तसेच उभे होते, घमेलं कमरेवर. झेप आली तेव्हा त्यांनी मानसुद्धा खाली घेतली नाही.

पायाच्या खड्ड्यापाशी येऊन त्यांनी घमेलं रिकामं केलं आणि मिस्त्रीला म्हणाले की थांब, फरशी खाली बसवू नकोस. मिस्त्री म्हणाला, माल सुकतोय. दादा म्हणाले, सुकू दे, त्यावर विटा घे.

किती उंच घ्यायच्या, असा प्रश्न आला. मिस्त्री म्हणाला, साधारण कमरेएवढं. दादा म्हणाले, साधारण नको. त्यांनी शिंप्याला हाक मारली. शिंपी गळ्यात टेप अडकवूनच आला, जणू हाकेचीच वाट बघत होता. वहिनींना नवीन कोब्याच्या कडेला उभं केलं, कोपरातून हात वाकवायला सांगितला, आणि शिंप्याने कोपरापासून जमिनीपर्यंत टेप सोडली. अडतीस इंच भरले. चोळताना हात खाली जायला हवा, म्हणून मिस्त्रीने पाच वजा केले. दादांनी ते पुन्हा मोजून घेतलं. वहिनी माप देताना ताठ उभ्या होत्या आणि त्यांना हसू येत होतं. हसायलाही डॉक्टरांची बंदी आहे की नाही ते माहीत नसल्यामुळे त्या तोंडावर हात धरून होत्या.

सहा घमेल्यांपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या झाल्या. विटा कुंपणाशी रचलेल्या होत्या आणि वाट बेटाजवळूनच होती. दादा वाहत होते. कुरकुर आता त्यांना जमत होती, आणि तेच तेच बोलायचा कंटाळा आला तेव्हा त्यांनी त्यात सासरेबुवांनी लग्नात जावयाला कपड्यांचा एकच जोड दिला होता तेही घातलं. खिडकीतून वहिनींनी चमचा वाजवून ते काढायला लावलं.

मिस्त्री संध्याकाळी गेला. जाताना म्हणाला, चार दिवस पाणी मारा, मग वापरा. आणि घरच्या दारासाठी एक कडी कुठे मिळेल, असं शिंप्याला विचारत गेला.

चार दिवस दादांनी कट्ट्यावर पाणी मारलं, सकाळ-संध्याकाळ, कुरकुरत. पाचव्या दिवशी वहिनींचा आवाज परत आला आणि त्यांनी धुणं बाहेर काढलं. आणखी तीन दिवसांनी अंडी फुटायची होती आणि पिल्लं त्याच दिवशी बेटावरून उतरून कुंपणाखालून गवतात जायची होती. पण हे अजून टिटवीलाच माहीत होतं. वहिनींनी नळ सोडला, कट्ट्यापाशी उभ्या राहिल्या आणि पहिली चादर भिजवली. पाणी उताराने सरळ गटाराकडे गेलं. त्यांनी चादर चोळली, पिळली, दुसरी घेतली. त्या काही बोलत नव्हत्या. बोलायला काही सुचत नव्हतं.

टिटवी उठली आणि किंचाळायला लागली.

वहिनींनी चादरीवरचे हात थांबवले. त्यांनी ओठ हलवून पाहिले, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. डोक्यावरून झेप गेली. त्यांनी वळून दादांकडे बघितलं.

दादा परसाच्या कडेला उन्हात उभ्या स्कूटरची सीट ओल्या फडक्याने पुसत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "सगळ्यांना सगळं मिळतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सीटला भेगा पडल्या. टाकीचा रंग उडाला. दोनशे विटा जमवल्या होत्या, एक राहिली नाही. कुणाला काय त्याचं."

वहिनींनी चादर आपटली. टिटवी खाली आली, दोन पावलं चालली, पोट हलवून अंड्यांवर बसली.

कट्ट्याची उंची तेहतीस इंच दोन सूत. कट्ट्यापासून टिटवीपर्यंतचं अंतर चार फूट सात इंच.